बंदुकीची खोळ

मल्लम्मा मधल्या सुट्टीत घरी आली ती फक्त नळ बघायला. आठवड्यातून एखाद्या दुपारी पाणी यायचं, तेही मेहरबानी केल्यासारखं, घागर-दोन घागरी. आणि तिचा भाऊ गुरुलिंग दिवसभर घरात असला तरी नळाच्या आवाजाकडं त्याचं ध्यान असेलच असं काही सांगता येत नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. नळ कोरडा होता. आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढलेली, उघडी. आतली अंथरुणं काढून बाजूला रचून ठेवलेली, आणि पलंगावर, चौकोनी घडी घातलेली, बंदुकीची खोळ. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, जुन्या इरकली लुगड्याची खोळ ती, काठ अजून लाल. मल्लम्मानं ती उचलली. आत बंदूक नसली की ती इतकी हलकी लागते हे तिला कधी कळलंच नव्हतं. अंथरुणं भिरकावलेली असती, खोळ भुईवर पडलेली असती, तर तिला एवढं भ्या वाटलं नसतं. ही घडीच वाईट होती. इतक्या शांतपणे घडी घालणाऱ्या माणसानं मनाशी काहीतरी पक्कं केलेलं असतं. तिनं हाक मारली, मोरीत बघितलं, गच्चीवर जाऊन आली. मग एकदम ज्वारीच्या पिठाचा डबा आठवला. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला. काडतुसांची पुरचुंडी तिनं त्या पिठात लपवली होती. वडील, म्हणजे अप्पा, गेल्यापासून, नवं दळण आणलं की पुरचुंडी काढायची आणि पुन्हा तळाशी घालायची, असा तिचा नेमच झाला होता. हात पांढरा होऊन बाहेर आला, रिकामा. म्हणजे भावाला ठाऊक होतं. पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

खाली सुलतानबी पायरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. घरमालकीण, मनानं मोठी आणि जिभेनं त्याहून मोठी. "मास्तर?" ती म्हणाली. "गेले ना शाळेकडं, मघाशीच की, मागच्या गल्लीनं. काखंत चादरीत गुंडाळलेलं लांबडं कायतरी व्हतं. म्या इचारलं, कुठं निघाले मास्तर? तर म्हणले, शाळेत काम हाय सुलतानबी, लई दिवसाचं राहून गेलं. सलाम बी केला मला. आज चांगले दिसून राहिले बाई मास्तर." मग तिनं मल्लम्माच्या हाताकडं पाहिलं. "अन् तुमच्या हाताला काय झालं?" मल्लम्मानं हात पदरात घेतला आणि रस्त्याला लागली. खोळ तिच्या दुसऱ्या हातात तशीच होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

लई दिवसाचं राहिलेलं काम. शाळेत. माणसाच्या पायातलं बळ जातं म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट पाय आपले आपण पळत होते आणि ती त्यांच्या मागून ओढली जात होती. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर होतं. मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये पंचाक्षरी सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, पेपर मोठ्यानं वाचून दाखवला होता. दूर कुठल्याशा देशात एक माणूस बंदूक घेऊन शाळेत शिरला आणि समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटला. बोटभर बातमी, आणि शेवटी एक वाक्य, हल्लेखोर मनोरुग्ण असल्याचे समजते. तिथं थांबून सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुणीही मल्लम्माकडं बघितलं नाही. न बघितलेलंही कळतं हो माणसाला. ते वाक्य कुसळासारखं तिच्या लुगड्याला चिकटून घरी आलं आणि मग निघेना. आजारी माणूस आणि बंदूक, दोन्ही एका घरात. पेपरवाल्यांना तिसरं काय लागतं? त्या दिवसापासून शाळेतून आली की पाय धुवायच्या आधी ती पेटी उघडायची, खोळीवरून नळ्या चाचपायची, आणि कधी कधी तिथंच बसून राहायची. रडूही यायचं. मागं पलंगावर गुरुलिंग भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा, त्याचं आपल्याकडं लक्ष नाही अशी तिची समजूत. पुढच्याच आठवड्यात पंचाक्षरी सर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण गुरुलिंगला शाळेच्या बाजूला फिरकू देऊ नका. लेकरं आहेत. उद्या काही झालं तर?" आणि ती हो म्हणाली होती. आपल्याच भावाबद्दल, ज्यानं याच शाळेत सात वर्षं विज्ञान शिकवलं त्याच्याबद्दल, ती हो सर म्हणाली होती.

शिकवायचा तरी कसा. बेडूक कापायचा तास आला की त्याचं तोंड उतरायचं. बेडूक सोडून द्यायचा आणि खडूनं फळ्यावर असा काढायचा की पोरांना त्याचं काळीज उडताना दिसावं. मग ज्या साली लातूर जिल्हा झाला त्याच साली तो बिघडला. गोलाईत, भर बाजारचौकात, गुलाल उधळला, बँड वाजला, सगळं गाव नाचलं; गुरुलिंगही नाचला आणि गुलालानं माखून घरी आला. तो गुलाल त्यानं आठवडाभर धुऊ दिला नाही. म्हणायचा, अक्का, त्यांनी नकाशावर रेघ ओढली ती आपल्या घरातून गेलीय, मी झोपतो तर डोकं एका जिल्ह्यात अन् पाय दुसऱ्यात. आधी ती हसली. मग एका सकाळी तो वर्गात टेबलाखाली बसला, रेघ ओलांडायची नाही म्हणून, आणि पोरं खिडक्यांतून बघायला गोळा झाली. तेव्हापासून तो घरी. लोकांनी काय काय सांगितलं, कुणी गाणगापूर म्हणालं, कुणी दर्गा. शेवटी ती त्याला एसटीत घालून नांदेडच्या डॉक्टराकडं घेऊन गेली. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललं होतं. तिथं थांबून त्यानं नदीचं पाणी बघितलं, ओंजळ भरून घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाही. दुष्काळी मुलखातला माणूस, पाण्याकडं बघून शहाणा झाल्यासारखा दिसला. डॉक्टर मोठा गोड माणूस होता. "अशा माणसापासून दुसऱ्याला धोका असतो हे डोक्यातून काढा बाई," तो म्हणाला. "लोकच यांना त्रास देतात. जपायचं ते यांना, यांच्याच जिवाला. कुणी असं खचलेलं दिसलं, तासन् तास गप्प बसायला लागलं, रडायला लागलं, तर फवारणीचं औषध, बंदूक, असलं काही घरात ठेवू नका. नाही ना काही?" मल्लम्मा म्हणाली, नाही. शेजारी गुरुलिंग बसला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं.

खोटं का बोलली? आता भर रस्त्यात तिला त्याचं उत्तर हवं होतं, जशी काही उत्तरावाचून शाळा येणारच नव्हती. बंदूक अप्पांची. चन्नबसप्पा पाटील निलंग्याकडच्या गावचे पोलीस पाटील. रझाकारांच्या धामधुमीनंतर त्यांना परवाना मिळाला होता. बाराबोर, दोन नळ्यांची. तिच्यातून अप्पांनी आयुष्यात एक कावळासुद्धा मारला नाही, पण तेलपाणी अव्वाच्या वेणीपेक्षा जास्त. जिल्हा फुटला तेव्हा म्हणायचे, परवान्यावर उस्मानाबादचा शिक्का, आपण राहतो लातुरात, बंदूक परजिल्ह्यात गेली की काय आपली? अप्पा गेले आणि गावचं घर मोडून ती दोन ट्रंका आणि ही पेटी घेऊन आली. वर्दी द्यायला हवी होती. ते तिला ठाऊक होतं. पण कचेरीत गेलं की साहेब विचारणार, वारस कोण, घरात कोण कोण असतं, भाऊ काय करतो. मग तिला सांगावं लागलं असतं. भाऊ आजारी आहे हे वाक्य तिनं तोपर्यंत कुणापुढं म्हटलं नव्हतं. पाठदुखी आहे, रजेवर आहे, मामाच्या शेतावर काम बघतो, काय वाटेल ते सांगितलं होतं. एक झाकायला म्हणून दुसरं झाकलं, आणि दोन्ही एकाच खोलीत झाकून ठेवली. परवाच निवडणुकीची जीप गल्लीतून ओरडत गेली, परवानाधारकांनी आपली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत. तिनं ऐकलं आणि खिडकी लावून घेतली. अप्पा असते तर जीप यायच्या आधीच निघाले असते. अप्पा दर निवडणुकीला बंदूक घेऊन निघायचे त्या काळात ती लातूरला मामाकडं शिकायला. अप्पांच्या मागं मागं ठाण्यात जायचा तो लहानगा गुरू. जत्रेला निघाल्यासारखा नवी टोपी घालून जायचा म्हणे.

गंजगोलाईच्या वळणावर तिला ठेच लागली. दुकानदार पाण्याच्या टँकरभोवती घागरी लावून भांडत होते, कुणीतरी हसत होतं, भज्यांचा वास येत होता. या लोकांना अजून काही ठाऊक नाही, तिला वाटलं. आणि मग जे वाटलं त्याची तिला स्वतःलाच किळस आली; ती नंतर काय बोलायचं ते मनात जुळवायला लागली होती. मी त्याला जपत होते, मी काडतुसं लपवली होती, मी हेडमास्तरांना शब्द दिला होता. अजून गोळी सुटली नव्हती आणि ती आपली सुटका बघत होती. मागच्या दिवाळीत शाळेच्या पोरांनीच गुरुलिंगला धोंडे मारले होते. कपाळ फुटून घरी आला तेव्हा ती काय म्हणाली? तू तिकडं जातोसच कशाला. पोरांना कुणी काही बोललं नाही. तो रक्त पुसत म्हणाला होता, "सातवी ब ची पोरं हायत अक्का, त्यांचा नेम चांगला हाय." धोंडे मारणाऱ्यांची भीती कुणाला वाटली नाही, धोंडे खाणाऱ्याची वाटली. पण आज त्याच्या हातात बंदूक आहे, आणि सातवी ब पुढच्याच खोलीत बसते. तिला सातवी ब तली एकेक वेणी, एकेक फाटकं दप्तर दिसायला लागलं. देवा, ती म्हणाली, माझा जीव घे पण माझ्या गुरूच्या हातून असलं काही होऊ देऊ नको.

शाळेचं फाटक उघडं होतं. मधली सुट्टी अजून संपायची होती, आणि मैदानावर एक पोर नाही. हापशाजवळ चार-पाच डबे तसेच पडलेले. सगळ्या वर्गांची दारं बंद. नुसती बंद नव्हे, बाहेरून कड्या घातलेल्या.  सातवी ब च्या खिडकीच्या गजांना एक तोंड चिकटलेलं दिसलं, दोन वेण्यांच्या एका पोरीचं. "बाई," ती पोरगी कुजबुजली, "आज सुट्टी देनार हायत का?" मल्लम्मानं गजावरची तिची बोटं धरली. गरम होती, शाईचे डाग होते. आतून दहा-बारा पोरं खिदळली. म्हणजे सगळी होती. "गुरुलिंग सर कुठायत?" तिनं विचारलं. "पोलिसांकडं," पोरगी म्हणाली. "लांब गाठोडं घेऊन आले, तर हेडमास्तरांनी सगळ्यांला आत कोंडलं. शिपायाला सायकलवर पोलीस आनायला धाडलं मोठ्या ठाण्यात. अन् पोलीस तर मागं हायत."

पोलीस तर मागं आहेत. हो की. नव्या जिल्ह्यात नवं ठाणं मंजूर झालं, पण बांधकामाला पाणी नाही म्हणून भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या, आणि ठाणं शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत आलं. दोन महिने पोलिसांचे बनियन शाळेच्या खिडक्यांवर वाळत होते आणि ती रोज त्यांच्याखालून वर्गात जात होती. शाळा म्हटल्यावर तिला पेपरातली ती बातमी आठवली, हे बनियन नाही आठवले. हेडमास्तरांनाही नाही. ती इमारतीला वळसा घालून गेली.

पत्र्याच्या छपरीत टेबल होतं. टेबलामागं पांढऱ्या मिशांचे निजामोद्दीन हवालदार, आणि पुढं उपड्या डब्यावर गुरुलिंग, बशीत चहा ओतून फुंकत बसलेला. दाढी केलेली. डोक्यावर अप्पांची टोपी. बंदूक बिजागरीत मधून उघडून टेबलावर आडवी ठेवली होती, तिच्या दोन्ही नळ्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. हवालदार एकेक काडतूस उचलून त्याच्यावरचं पीठ फुंकरीनं उडवत होते.

"आली बघा अक्का," गुरुलिंग म्हणाला. "मी म्हनलं न्हवतं, नळ बघायला घरी जाईल अन् मग इकडं येईल म्हनून?"

मल्लम्मा खालीच बसली, धुळीत, लुगड्याची पर्वा न करता. तिला हसू येत होतं की रडू, ठरत नव्हतं. नुसता श्वास येत होता, आत-बाहेर, आणि तेवढंच एखाद्या गोड पदार्थासारखं लागत होतं. हवालदारांनी तिला तांब्या दिला. "या बाई. चन्नबसप्पा पाटलांची लेक ना तुम्ही? मी निलंग्याला व्हतो तवा पाटील दर इलेक्शनला सगळ्यांच्या आधी यायचे, हीच बंदूक घेऊन. अन् हे मास्तर एवढुसे, मागं मागं. पाटील वारल्याची वर्दी तेवढी द्यायला पायजे व्हती बाई तुम्ही. मयत माणसाची बंदूक घरात ठेवायची म्हणजे अवघड काम हाय. पण मास्तर आपणहून घेऊन आले, बरं झालं. आपणहून आणलं तर कोण काय म्हणतं."

"घडी घालून ठेवलीस," मल्लम्मा भावाला म्हणाली.  हातातली खोळ तिला आत्ता दिसली. "खोळ. मला वाटलं..."

"खोळ जमा करायची नसती, अक्का," तो समजावल्यासारखा म्हणाला. "खोळ घरी राहिली की बंदूक घरी परत येती, असं म्हनायचे अप्पा. अव्वा दर खेपेला घडी घालून पलंगावर ठेवायची. तू मामाकडं असायचीस, तुला कुठून ठाऊक?" मग त्यानं बशी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "जीप ओरडून गेली त्या दिवशी वाटलं, तू म्हनशील कायतरी. तू खिडकी लावलीस. अन् रोज शाळंतनं आलीस की पाय न धुता पेटीपाशी बसतीस, बंदुकीवर हात फिरवतीस, रडतीस. मी बघून राहिलो ना. डॉक्टर काय म्हनले होते नांदेडला? असं कुनी दिसलं तर बंदूक घरात ठेवू नका. लई भ्या वाटलं मला."

"कुणाचं भ्या?"

"तुझंच की. तू जिवाचं काही करून घेशील म्हनून. पिठातली काडतुसं तर मी परवाच काढून सुलतानबीच्या माळ्यावर टाकली होती. आज तिथनं घेतली."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. कपाळावर पोरांनी मारलेल्या धोंड्याचा व्रण होता, डोळ्यांखाली औषधांची सूज होती, आणि तो तिच्याकडं असा बघत होता जशी ती रोज त्याच्याकडं बघायची, काळजीनं, जरा चोरून. कितीतरी दिवस हे दोघं एकाच खोलीत एकमेकांवर पहारा देत बसले होते. तिला त्याची भारी माया आली. तिनं नुसता आपला पिठाचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

तेवढ्यात पंचाक्षरी सर कोपऱ्यावरून डोकावले, घामानं डबडबलेले. उघडलेली, रिकामी बंदूक बघून ते दोन पावलं पुढं आले. "गुरुलिंग सर," ते म्हणाले, आणि अडखळले. "तब्येत काय म्हणते?"

"बरी हाय सर. कड्या काढा आता, लेकरांला हापशावर जायचं असंल. अन् शिपाई लई लांब गेला का?"

हवालदार मिशीत हसले आणि त्यांनी कागद पुढं ओढला. "सही कोण करणार? वारस दोघं. मास्तरांची तब्येत ठीक नसती म्हणतेत शाळेतले लोक." त्यांनी हेडमास्तरांकडं बघितलं, मग मल्लम्माकडं.

"आजारी आहे माझा भाऊ," मल्लम्मा म्हणाली. पंचाक्षरी सर तिथंच उभे होते. ती त्यांना ऐकू जाईल असंच बोलली. "डोक्याचा आजार आहे. नांदेडच्या डॉक्टराचं औषध चालू आहे. बंदूक त्यानं आणली, सही तोच करेल." वाक्य निघून गेलं आणि काहीही झालं नाही. पत्रा तडकला नाही, सरही खाली पडले नाहीत. ते मान हलवून कड्या काढायला गेले. गुरुलिंगनं चष्मा नाकावर चढवला आणि फळ्यावर काढायचा तसल्या सुबक अक्षरात सही केली.

मग मल्लम्मानं खोळ टेबलावर ठेवली. "हीसुद्धा ठेवून घ्या."

"खोळ नाही लागत बाई. घरी न्या. इलेक्शन झाल्यावर बंदूक परत..."

"म्हणूनच," ती म्हणाली.

हवालदारांना लगेच उमगलं नाही. गुरुलिंगला उमगलं. त्यानं एकदा लाल काठावरून अंगठा फिरवला, अव्वाच्या पदराला हात लावावा तसा. "हाव," तो म्हणाला. "ठेवून घ्या हवालदारसाहेब." आणि त्यानं स्वतःच बंदूक खोळीत घातली आणि नाडी बांधली.

मैदानात पोरांचा गलका सुरू झाला होता. फाटकापाशी आल्यावर मल्लम्माला सपाटून भूक लागली, सकाळपासून पोटात काही नाही हे आत्ता कळलं. "घरी जाऊन भाकरी टाक दोन," ती भावाला म्हणाली. "अन् नळाकडं ध्यान ठेव. पाणी आलं तर दोन्ही घागरी भर, सुलतानबीचीसुद्धा एक भर." तो हाव म्हणाला, टोपी नीट केली आणि गोलाईच्या दिशेनं चालायला लागला. घंटा झाली. तो वळेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून ती फाटकात उभी राहिली नाही. सातवी ब वर तास होता, ती वर्गात गेली.